खेळाडू बदलताना केलेली लबाडी: पंचांनी हेतू बघावा का?

आडवा_पास: अमेरिकन फुटबॉल बघणाऱ्यांसाठी धागा. ऑक्टोबर २०२४, ऑरेगन विरुद्ध ओहायो स्टेट. १० सेकंद उरलेले असताना ऑरेगनने बचावाला ११ऐवजी १२ जण उतरवले. दंड झाला ५ यार्डांचा, पण चढाई करणाऱ्या ओहायोचे तेवढ्यात ४ सेकंद गेले आणि ऑरेगन ३२-३१ने जिंकलं. समोरच्याला गोंधळात पाडायला खेळाडूंची अदलाबदल वापरू नये, असं कॉलेजच्या नियमांत लिहिलेलं आहे. मग पंचांनी हेतू बघून जबर शिक्षा का देऊ नये? (मांकडिंग कुणी मध्ये आणू नका, प्लीज.)

नियमबहाद्दर: अहो, बारावा गडबडीत राहिला की मुद्दाम ठेवला, हे पंचाला तिथल्या तिथे कसं कळणार? काही दिवसांतच जे झालं तेच बरोबर. शेवटच्या २ मिनिटांत असं घडलं, तर आता चढाई करणाऱ्या संघाला घड्याळ मागे घेता येतं. पळवाट बुजली, पंचाला मनकवडं व्हायची गरज उरली नाही.

आडवा_पास: आणि ओहायोचा सामना? तो गेलाच ना! जानेवारी २०१५चा व्यावसायिक लीगमधला (एनएफएल) पेट्रियट्स-रेव्हन्स प्लेऑफही तसाच. पेट्रियट्सचा ३४ नंबरचा व्हरीन एरवी पास झेलणारा. तो पंचाला ‘मी अपात्र’ (म्हणजे या डावात पास झेलणार नाही) सांगून लांब जाऊन उभा राहिला. बचाववाले त्याच्याकडे बघतायत, तोवर टॅकलच्या (एरवी पास न झेलणाऱ्या, रांगेतल्या खेळाडूच्या) जागेवरून पात्र असलेला ४७ नंबर मोकळा सुटला. रेव्हन्सचे प्रशिक्षक हार्बॉ भडकून मैदानात घुसले, तर दंड त्यांनाच.

चौथा_डाऊन: पण पंच विनोविच यांनी ३४ अपात्र असल्याचं माइकवरून सांगितलं होतं की. लपवलं काय त्यात?

गॅलरीवाली: सांगितलं, आणि लगेच चेंडू सुटला! ऐकायचं, ३४ शोधायचा, मग ४७कडे पळायचं, एवढ्यात? हार्बॉंची तक्रार वेळेचीच होती. हेतूबितू सोडा. बचावाला जागा बदलायला वेळ मिळाला का, एवढंच पंचाने बघावं आणि तोवर चेंडू अडवून धरावा. त्यानंतर लीगने नियम बदलला तो मात्र उभं राहण्याच्या जागेचा.

नियमबहाद्दर: हे पटलं. वेळ मोजता येतो.

आडवा_पास: मला नाही पटलं. डिसेंबर २०२३मध्ये लायन्सनी काउबॉइजना चकवायला दोन-तीन लाइनमन (पुढच्या रांगेतले, पंचाला ‘मी पात्र’ सांगितल्याशिवाय पास झेलू न शकणारे) एकदमच पंचाकडे धाडले. पंच ब्रॅड ॲलन यांनी ६८ऐवजी ७० नंबर पात्र म्हणून जाहीर केला. ६८ नंबरच्या डेकरने पास झेलून मिळवलेले २ गुण रद्द, लायन्स २०-१९ने हरले. इथे कुठलं घड्याळ लावणार?

चौथा_डाऊन: लायन्सचे प्रशिक्षक म्हणतात, हा डाव पंचांना आधीच सांगितला होता. मग दोष पंचाचाच.

गॅलरीवाली: सांगितला असेल हो, पण ऐन वेळी गर्दी कुणी केली?