लेकीचं लाइपझिग आणि काळे कपडे

प्रेषक: न्यूर्नबर्गकर
विषय: लाइपझिगची माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

यंदा फिंग्स्टनच्या (ख्रिस्ती पेंटेकोस्ट सणाच्या) सुट्टीत, २२ ते २५ मे, आमची लेक मैत्रिणींबरोबर लाइपझिगला निघाली आहे. तिथे वेव्ह-गोटिक-ट्रेफेन नावाचा मेळा असतो म्हणे, जगभरातले गॉथ, म्हणजे काळ्या पेहरावाचे आणि त्या धाटणीच्या संगीताचे शौकीन, चार दिवस जमतात. लेक वीस वर्षांची आहे, त्यामुळे ‘जाऊ का?’ असं विचारलेलं नाही, ‘जातेय’ असं कळवलं आहे. काळी लिपस्टिक, जाळीचे हातमोजे यांची आम्हा दोघांना सवय झाली. पण परवा व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना तिची शवपेटीच्या आकाराची पर्स दिसली आणि तेव्हापासून पुण्याहून रोज फोन चालू आहेत.

हे नेमकं प्रकरण काय आहे? रात्री-बेरात्री मुलींनी फिरण्यासारखं आहे का? राहण्याची सोय कुठे बघावी? लाइपझिगात आपलं कोणी असेल तर कृपया लिहा.

---

प्रेषक: फ्रांकफुर्टकर
विषय: उत्तर: लाइपझिगची माहिती हवी आहे

वहिनी,

राहण्या-खाण्याचं मला ठाऊक नाही, पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. लाइपझिग हे काळे कपडे घालून मिरवायचं गाव आहे का? ऑक्टोबर १८१३ मध्ये नेपोलियन आणि त्याच्याविरुद्ध एकवटलेली सैन्यं याच गावाभोवती चार दिवस लढली. मेलेले आणि जखमी मिळून लाखाच्या घरात गेले. १९३८ मध्ये तिथलं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, जाळलं. पुढे चाळीस वर्षं श्टाझी, पूर्व जर्मनीचे गुप्त पोलीस. ज्या गावाने खरं मरण इतकं पाहिलं, तिथे जाऊन मरणाचं सोंग आणायचं, हे माझ्या काही पचनी पडत नाही. आमच्या घरी तिन्हीसांजेला असलं नाव काढलं तरी आई ओरडायची.

मुलीला बोल लावत नाही. स्पष्ट लिहायची सवय आहे, राग नसावा.

---

प्रेषक: लाइपझिगकर
विषय: उत्तर: उत्तर: लाइपझिगची माहिती हवी आहे

न्यूर्नबर्गकर, आधी तुमचं. फ्रांकफुर्टकर दादांकडे मग वळते, त्यांना जरा वेळ लागेल.

लेकीला खुशाल पाठवा. दरवर्षी अठरा-वीस हजार माणसं येतात आणि गाव त्यांची वाट बघतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. फिंग्स्टनच्या शुक्रवारी त्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसतात आणि कोणाचा घेर मोठा यावर संध्याकाळपर्यंत शेरे मारतात. मागे अकरा नंबरच्या ट्रॅममध्ये एक सहा फुटी गडी चढला. चेहरा पांढराफटक, कपाळावर बोकडाची शिंगं. शिंगं दाराला लागू नयेत म्हणून मान वाकवून उभा आणि एका बाईची बाबागाडी उचलून आत घेतोय. फुटबॉलच्या सामन्याच्या दिवशी त्याच ट्रॅममध्ये चढायला मी दोनदा विचार करते, या चार दिवसांत करत नाही. गर्दीत पाकीट-फोन सांभाळायचा, पेला हातातून सोडायचा नाही, एवढं कुठेही लागू आहे.

आता सोयीचं. तिकीट चारही दिवसांचं मिळून एकच असतं, एका दिवसाचं मिळत नाही. मनगटावर पट्टी बांधली की शहरातल्या ट्रॅम-बसचं वेगळं तिकीट लागत नाही. मुख्य तळ ‘आग्रा’ नावाच्या जुन्या प्रदर्शन मैदानावर असतो. अकरा नंबर थेट तिथे जाते. आपल्या आग्र्याशी संबंध नाही, ते पूर्वीच्या शेतकी प्रदर्शनाचं नाव. तंबू ठोकायचा तर तिकिटावर आणखी एक कार्ड घ्यावं लागतं. हॉटेलवाले या दिवसांत भाव असे चढवतात की हसू येतं, तेव्हा शेजारच्या हाले शहरात खोली बघा. लोकलने अर्धा-पाऊण तास. सगळं काही धडाम-धुडूम नसतं, चर्चमधल्या मैफली असतात, नाटकघरं असतात, दफनभूमीत माहितगारांबरोबर फेऱ्या असतात. शुक्रवारी दुपारी क्लारा-झेटकिन पार्कात व्हिक्टोरियन पिकनिक भरते, तिला तर तिकीटही नाही. जुन्या धाटणीचे पोशाख, चांदीच्या किटल्या, हिरवळीवर चादरी आणि भोवती फोटो काढणाऱ्यांचा वेढा.

एक मात्र लेकीला बजावून सांगा. गळ्यात स्वस्तिकाचं पदक, हातावर स्वस्तिकाची मेंदी, पर्सला अडकवलेलं घरच्या पूजेतलं स्वस्तिकाचं काहीबाही, हे सगळं घरी ठेवायचं. आपलं धार्मिक चिन्ह आहे हे कायद्याला समजतं, पण ट्रॅममध्ये शेजारी बसलेल्याला समजत नाही. आणि या शहरात त्याने ते का समजून घ्यावं? गणपती चालेल, ॐ चालेल. लष्करी गणवेशासारखे कोट घालणारे काही जण या मेळ्यात असतात, त्यांच्यावरून या लोकांच्यात आपापसातही वाद होतात. तिला ते ठाऊक असेलच.

आता दादा. तुमची यादी बरोबर आहे, पण अपुरी आहे. गावातल्या बाजारचौकात, जिथे आम्ही नाताळात गरम वाइन पितो, तिथे १८२४ मध्ये योहान क्रिस्टियान वॉयत्सेकचं डोकं जाहीरपणे उडवलं. वेडाच्या भरात खून केला की शुद्धीत, यावर डॉक्टरांचे अहवाल झाले आणि शेवटी तलवार चाललीच. त्याच्यावरचं नाटक जगभर होतं. प्राणिसंग्रहालयाजवळ पार्थे नावाची लहानशी नदी दगडी भिंतींमधून वाहते. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंना घरांतून ओढून त्या नदीपात्रात उभं केलं आणि तिथून छळछावण्यांकडे पाठवलं. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैनिक नव्या टाउन हॉलमध्ये शिरले, तेव्हा आत नाझी अधिकारी आणि त्यांच्या घरच्यांची प्रेतं खुर्च्यांवर, कोचांवर पडलेली होती. विष घेऊन. त्याच टाउन हॉलमध्ये आता कामासाठी खेपा घालाव्या लागतात.

आणि आमच्या दक्षिण भागातली आल्फ्रेड-केस्टनर-श्ट्रासं. दोन्ही बाजूंना झाडं, सायकली, बेकरी. १९६० पासून पूर्व जर्मनीतल्या सगळ्या मृत्युदंडाच्या शिक्षा इथल्या तुरुंगात अमलात आणल्या जायच्या, पूर्वी केअरटेकर राहायचा त्या खोल्यांत. आधी गिलोटिन होतं. पुढे पद्धत बदलली. माणसाला खोलीत आणायचं, दयेचा अर्ज फेटाळला एवढं सांगायचं आणि पाठीमागून डोक्यात गोळी. शेवटचा माणूस व्हेर्नर टेस्के, २६ जून १९८१. तो श्टाझीचाच कॅप्टन होता, कागदपत्रं घेऊन पश्चिमेला पळायच्या विचारात होता म्हणून मारला. मृत्यूच्या दाखल्यांवर खोटी कारणं लिहायची आणि प्रेतं गुपचूप झ्युडफ्रीडहोफ या दफनभूमीतल्या दाहिनीत. राख तिथेच कुठेतरी, नावाशिवाय.

हीच ती झ्युडफ्रीडहोफ, जिथे हे काळ्या कपड्यांतले लोक सगळ्यात जास्त फिरतात. १८८६ पासूनची दफनभूमी, ऐंशीएक हेक्टर, आणि मे महिन्यात ऱ्होडोडेंड्रॉनची माणसापेक्षा उंच झुडपं जांभळी-गुलाबी झालेली असतात. बहुतेक येतात ते दगडी देवदूतांसाठी, हे खरं. पण एका फेरीत मी होते. दाखवणाऱ्याने दाहिनीच्या इमारतीपाशी थांबून टेस्केचं सांगितलं, तशी लेस आणि घुंगट घातलेल्या त्या वीस-पंचवीस जणांतला एकही जण फोटोला वळला नाही. एका मुलीने विचारलं, राखेच्या नोंदी कुठे आहेत? हा प्रश्न मी इथे इतकी वर्षं राहून कोणाला विचारला नव्हता, आणि माझ्या ऑफिसातल्या इथेच जन्मलेल्या लोकांनीही विचारलेला मी ऐकला नाही.

दादा, मरणाचं सोंग म्हणता. या गावात ज्यांनी खरं मरण वाटलं ते चांगले इस्त्रीच्या कपड्यांत ऑफिसला जायचे, शिक्के मारायचे, जेवायला घरी यायचे. त्यांच्यातल्या एका खात्याने या पोरांचीही फाइल केली होती. १९८८ च्या वसंतात, वालपुर्गिसच्या रात्री (३० एप्रिलला), पूर्व जर्मनीतले काळे कपडेवाले पॉट्सडामच्या टेकडीवर जमले तर पोलिसांनी त्यांना पांगवलं. श्टाझीच्या कागदांत पंक आणि स्किनहेडबरोबर ‘ग्रुफ्टी’ असा यांचाही वेगळा रकाना होता. बर्लिनची भिंत पडली, आणि १९९२ मध्ये कॉनेविट्झमधल्या आइसकेलरमध्ये पहिलं ट्रेफेन भरलं. म्हणजे या गावच्या इतिहासाशी त्यांचं नातं तुमच्या-माझ्यापेक्षा जवळचं आहे. आपण नोकरीसाठी आलो.

---

प्रेषक: फ्रांकफुर्टकर
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: लाइपझिगची माहिती हवी आहे

काकू, केस्टनर-श्ट्रासंचं मला माहीत नव्हतं. वाचून जेवण गेलं नाही.

तरी माझा मुद्दा अर्धा शिल्लक आहे. सगळे काही त्या मुलीसारखे नसणार. कबरींवर रेलून फोटो काढणारे असतातच की, इंटरनेटवर ढिगाने सापडतात. जळलेल्या सिनेगॉगच्या जागी आता रिकाम्या खुर्च्यांचं स्मारक आहे ना? तिथे कोणी पंखा हलवत बसलेलं बघायची माझी तयारी नाही.

---

प्रेषक: लाइपझिगकर

अर्धा मुद्दा मान्य. गोटशेड-श्ट्रासंवर ब्राँझच्या १४० खुर्च्या आहेत, रांगेत, जिथे बाकं होती तिथे. मी जाता-येता पोज देणाऱ्यांना हटकते. शेवटचं ज्यांना हटकलं ते लग्नाआधीच्या पार्टीचे गुलाबी टी-शर्ट घातलेले लोक होते, बिअरच्या बाटल्यांसकट. काळ्या कपड्यांतलं कोणी तिथे तसं वागताना मला अजून सापडलेलं नाही, सापडलं तर त्यालाही सोडणार नाही.

माझा नियम सोपा आहे. सैनिकांच्या लढाईचं स्मारक, जुन्या श्रीमंतांच्या कबरींवरचे देवदूत, तिथे काय हवे ते फोटो काढा. ते बघितलं जावं म्हणूनच बांधलंय. पण ज्यांना मारून वर त्यांची नावंही पुसायचा घाट घातला होता, त्यांच्या जागी कॅमेरा पिशवीत. आणि झ्युडफ्रीडहोफमध्ये आजही अंत्ययात्रा असतात. खरे शोक करणारे समोरून आले तर बाजूला व्हायचं, कारण त्यांनीही काळेच कपडे घातलेले असतात आणि ते हौसेने नसतात.

---

प्रेषक: न्यूर्नबर्गकर
(लिहितेय ती लेक, आईच्या खात्यावरून)

काकू, काका, नमस्कार. आईने सगळं वाचून दाखवलं, मग म्हटलं मीच लिहिते. चुका पोटात घाला, मराठी टायपिंग हळू आहे.

काका, मी ‘रुंडं एकं’ला जाणारच आहे, श्टाझीच्या जुन्या कचेरीतलं म्युझियम. ४ डिसेंबर १९८९ ला लोक आत शिरले आणि कागद नष्ट करणं थांबवलं, ते मला बघायचंय. आम्ही शाळेत बर्लिनबद्दल खूप शिकलो, पण ९ ऑक्टोबरला लाइपझिगमध्ये सत्तर हजार लोक राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले तेव्हा भिंत पडण्यापर्यंतचं पुढचं सगळं सुरू झालं, हे फार कमी जणांना माहीत असतं. काळे कपडे घातले म्हणून मला हे कळत नाही असं नाही ना.

माझ्या मैत्रिणीच्या आईने २००० ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी आयोजकांचे पैसे मध्येच संपले, कर्मचारी निघून गेले, आणि आलेल्या लोकांनीच उरलेलं सांभाळून घेतलं. काही बँड फुकट वाजले. मला ती गोष्ट फार आवडते.

काकू, एक महत्त्वाचं. पणजीची काळी चंद्रकळा आईच्या कपाटात आहे, संक्रांतीला पण नेसत नाही ती. पिकनिकला नेसू का? की तिथे सगळे युरोपियन पोशाखच चालतात? आजीला विचारायची हिंमत नाही.

---

प्रेषक: लाइपझिगकर

नेस! विचारतेस काय. मी स्वतः एकदा नेसून गेले होते, आणि टोपहॅट घातलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी जरीच्या बुट्ट्या हाताने विणल्यात का हे इतकं बारकाईने विचारलं की मला घरी फोन करून विचारावं लागलं. आजीला सांग, संक्रांतीला काळं चालतं तर फिंग्स्टनला का नाही. नऊवारी असेल तर काष्टा घाल, हिरवळीवर बसता येतं आणि ट्रॅमच्या दारात अडकत नाही. घेरदार झगेवाल्यांचे तिथे हाल होतात. साडी जुनी आहे, तेव्हा घड्यांवर विरलीय का ते उजेडात धरून आधी बघ, आणि खांद्यावर पिन लावताना आत कापडाचा तुकडा ठेव. हलव्याचे दागिने नकोत, गळ्याला चिकटतात आणि पार्कातल्या मुंग्यांना आमंत्रण. मोत्यांची नथ मात्र जरूर.

केस्टनर-श्ट्रासंची जागा एरवी बंद असते, संग्रहालयांच्या रात्री वगैरे मोजक्या वेळी उघडतात. तेव्हा ती या खेपेला बाहेरूनच.

---

प्रेषक: फ्रांकफुर्टकर

मुली, चूक झाली तर आमच्याच मराठीत असेल, तुझ्यात नाही. पिकनिकबिकनिकला मी येणार नाही. पण १८१३ चं स्मारक बघायचं बरीच वर्षं मनात आहे. काकू, शनिवारी सकाळी आलो तर दाखवाल का?

---

प्रेषक: लाइपझिगकर

या की. स्टेशनवरून पंधरा नंबरची ट्रॅम. स्मारक ९१ मीटर उंच आहे, १९१३ चं, आणि विजयाचं म्हणून बांधलं असलं तरी आत शिरल्यावर तसं वाटत नाही, तुम्हीच बघा. वरपर्यंत पाचशे पायऱ्या आहेत. लिफ्ट मधल्या सज्जापर्यंतच जाते, पुढे जिना अरुंद. गुडघ्यांचं काय ते आधी कळवा. झ्युडफ्रीडहोफ लागूनच आहे. तिथे जायचं की नाही ते खाली उतरल्यावर ठरवू, मुलीही त्या वेळेला तिकडेच असतील. डबा मी आणते, थालीपीठ आणि दही. तुम्ही फक्त टोपी आणा, झाडं सोडली तर सावली नाही.