रुग्णसाहित्याचं डिपॉझिट आणि देणगी एकाच खात्यात गेली आहे, हिशेब कसा सोडवावा?

दांडियाबाजारकर
नमस्कार. वडोदऱ्यातला आमचा छोटा ट्रस्ट आहे. पाच विश्वस्त, पगारी माणूस एकही नाही. सयाजी हॉस्पिटलमधून घरी आणलेल्या रुग्णांना फाउलर बेड (डोक्याची-पायांची बाजू वर करता येणारा), वॉकर, कमोड खुर्ची, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर डिपॉझिट घेऊन वापरायला देतो, भाडं घेत नाही. पावतीपुस्तक एकच आणि बँक खातंही एकच. गेल्या महिन्यात तीन कुटुंबांचं डिपॉझिट परत द्यायची वेळ आली तेव्हा खात्यात पैसे कमी निघाले. खजिनदारांनी पैसा खाल्लेला नाही याची सगळ्यांना खात्री आहे, पण तसं दाखवणारा कागद कुणाकडे नाही. देणगीचा क्यूआर कोड त्यांच्या स्वतःच्या मोबाइल नंबरला जोडलेला आहे. दोन विश्वस्त बदलले, त्याची नोंदही कुठे दिलेली नाही. सुरुवात कुठून करावी?

जमाखर्च
डिपॉझिट म्हणजे उत्पन्न नव्हे, देणं. ते देणगीत मिसळलं की दुरुस्तीचा आणि रिक्षाभाड्याचा खर्च लोकांच्या परत द्यायच्या पैशातून होत राहतो. तुमच्याकडे नेमकं तेच झालेलं दिसतंय.

क्यूआर कोड आजच्या आज काढा आणि ट्रस्टच्या खात्याचा लावा. वैयक्तिक खात्यात आलेली देणगी नंतर पै न् पै वळती केली, तरी ती किती आली होती हे दुसऱ्या कुणाला तपासता येत नाही. यात खजिनदारांचाच बचाव आहे.

मग डिपॉझिटसाठी वेगळं बचत खातं आणि वेगळ्या रंगाचं पावतीपुस्तक. छापील अनुक्रमांक हवेत. रद्द पावतीच्या सगळ्या प्रती पुस्तकातच स्टेपल करून ठेवायच्या, फाडून टाकायच्या नाहीत. पुढच्या महिन्याची १ तारीख धरा. त्या दिवशी जुन्या स्थळप्रतींवरून कोणाकोणाचं देणं बाकी आहे याची यादी करा, प्रत्येक घरी फोन करून खात्री करा आणि तेवढी रक्कम नव्या खात्यात वळवा. कमी पडली तर तूट किती, ती कशी भरणार, हे ठरावात आकड्यासह लिहा. जुन्या पावत्या आणि जुनी वही खोडू नका. मागच्या वर्षी डिपॉझिट देणगी म्हणून दाखवलं गेलं असेल तर ऑडिटरना सांगून चालू वर्षात दुरुस्तीची नोंद करून घ्या.

यापुढे दर महिन्याला एकच ताळा घालायचा. समजा १८ वॉकर ५०० रुपयांनी, ६ बेड ५,००० नी आणि ३ कॉन्सन्ट्रेटर १०,००० नी बाहेर आहेत. म्हणजे ९,००० अधिक ३०,००० अधिक ३०,०००, एकूण ६९,०००. डिपॉझिट खात्याच्या पासबुकात ६९,००० च दिसले पाहिजेत. ६१,००० दिसले तर ८,००० कुठे गेले ते त्याच आठवड्यात सापडतं. वर्षाअखेरीस शोधायला बसलात तर सापडत नाही.

हा ताळा खजिनदारांनी घालायचा नाही, दुसऱ्या विश्वस्तांनी घालायचा.

साहित्यवाला
पैशाइतकंच वस्तूंकडे बघा. वस्तूवर नंबर नसेल तर वरचा ताळा कागदावरच राहतो. वॉकरच्या पायावर लिहिलेला नंबर घासून जातो, म्हणून आडव्या दांडीच्या खालच्या बाजूने ऑइल पेंटने लिहा. देताना चिठ्ठीवर सुटे भाग मोजून टाका: बेडबरोबर गादी, दोन साइड रेलिंग, सलाइन स्टँड, कॉन्सन्ट्रेटरबरोबर ह्युमिडिफायरची बाटली, फिल्टर आणि तासांच्या मीटरचं रीडिंग. वाद होतो तो नेहमी रेलिंगवरून. 'आम्हाला मिळालीच नव्हती' म्हटल्यावर सही केलेली चिठ्ठी नसेल तर गप्प बसावं लागतं.

परतावा शक्यतो ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात करा. भरलेले असतात मुलाने आणि मागायला येतो जावई. पावती हरवली असेल तर साधं लेखी पत्र आणि ओळखपत्राची प्रत घ्या.

ठराववही
विश्वस्त बदलले की १९५० च्या सार्वजनिक ट्रस्ट कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चॅरिटी कमिशनर कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची लेखी माहिती, द्यावी लागते. मुदत टळली असेल तर विलंब माफीच्या अर्जासह द्या, पण द्याच. तो मंजूर नसला की बँक सह्या बदलताना अडवते आणि पद सोडलेल्या माणसाच्या सहीवर काम रेटलं जातं. खात्यावर तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या ठेवा. नवरा-बायको किंवा सख्खे भाऊ अशी जोडी नको. कोऱ्या चेकवर आगाऊ सही तर अजिबात नको.

दांडियाबाजारकर
मनापासून आभार. आणखी दोन गोष्टी. रुग्ण गेल्यावर काही घरचे डिपॉझिट न्यायला येतच नाहीत. ते देणगीत धरायचं का? आणि एका विश्वस्तांचं मेडिकल स्टोअर आहे, डायपर आणि ड्रेसिंगचं सामान तिथूनच येतं.

जमाखर्च
आपणहून धरायचं नाही. दुःखात असलेल्या माणसाला तेराव्याआधी फोन करू नका, पण महिन्याभराने नक्की करा. देणगी द्यायची म्हणाले तर दोन ओळींचं संमतीपत्र घ्या, त्या तारखेची देणगीची पावती फाडा आणि तेवढी रक्कम मुख्य खात्यात वळवा. उत्तर आलं नाही तर ते देणंच राहतं. हो, रोख देणगी २,००० रुपयांच्या वर असेल तर देणाऱ्याला देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही, हे पावतीच्या तळाशी छापून टाका.

ठराववही
मेडिकल स्टोअर चालेल, पण तीन दुकानांची लेखी दरपत्रकं मागवा. निर्णयाच्या वेळी त्या विश्वस्तांनी बाहेर बसावं, आणि 'श्री. अमुक यांनी चर्चेत व मतदानात भाग घेतला नाही' हे वाक्य ठराववहीत यावं. बाजारभावापेक्षा जास्त दराने विश्वस्ताकडून किंवा त्याच्या नातेवाइकाकडून माल घेतला तर ट्रस्टची आयकर सवलत धोक्यात येते.

एक न विचारलेली गोष्ट. बडोद्यात घरटी कुणीतरी परदेशात असतं. मुलगा अमेरिकेत असला तरी भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, अगदी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी ती परदेशी देणगी ठरते. त्यासाठी एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. म्हणून रक्कम स्वीकारण्याआधी पासपोर्टची प्रत मागवा आणि ती पावतीच्या स्थळप्रतीला जोडून ठेवा.