आयडा बी. वेल्सवर सात मिनिटं बोलायचंय, काय घ्यावं?

सातरस्ता_अण्णा:
पोरीची कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा हाय शनिवारी. विषय तिनंच निवडला, आयडा बी. वेल्स, अमेरिकेतली कृष्णवर्णीय पत्रकार. नेटवर बघावं तिथं एकच, ट्रेनमधून खाली ओढलं अन् ती कोर्टात गेली. परीक्षक म्हणणार हे तर गांधीजींचंच झालं की. कुणी नीट वाचलंय का?

प्रेसवाला_बुधवारपेठ:
गांधीजींचं १८९३, हिचं त्याच्या साधारण दहा वर्षं आधीचं, हे पहिलं सांगा म्हणावं. बाई शाळेत शिकवायची, तिकीट काढून बायकांच्या डब्यात बसलेली, कंडक्टर हात धरून ओढायला लागला तर त्याच्या हाताला कडकडून चावली! शेवटी आणखी दोघं बोलवावे लागले त्याला. खालच्या कोर्टात ५०० डॉलर भरपाई मिळाली, पण १८८७ ला टेनेसीच्या सुप्रीम कोर्टानं निकाल फिरवला.

जुनी_मिल_चाळ:
अण्णा, ट्रेनचं दोन मिनिटांत उरका, खरं काम १८९२ नंतरचं हाय. मेम्फिसमध्ये तिचा मित्र थॉमस मॉस, पोस्टमन होता आणि भागीदारीत किराणा दुकान चालवायचा, समोरच्या गोऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटायला लागलं, त्यातनं भांडण पेटलं आणि जमावानं मॉस आणि त्याच्या दोन साथीदारांना जेलमधनं काढून नेऊन गोळ्या घातल्या. तोवर हिलाही वाटायचं, जमाव ज्या काळ्यांना मारतो त्यांनी काहीतरी केलेलं असणार. मॉसला तर ती ओळखत होती! मग एकेक केस खणायला लागली आणि पेपरात लिहिलं की काळ्यांवरचा बलात्काराचा आरोप पुष्कळदा नुसता बहाणा असतो. ती बाहेरगावी असताना तिच्या 'फ्री स्पीच' पेपरचं ऑफिस फोडलं, परत आलीस तर मारू म्हणून धमकी. गेली नाही, न्यूयॉर्कमधनं लिहीत राहिली, नंतर शिकागो.
आता मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट. १८९५ च्या 'रेड रेकॉर्ड' पुस्तिकेत तिनं जमावानं मारलेल्यांचे आकडे घेतले ते गोऱ्यांच्याच 'शिकागो ट्रिब्यून'चे. आपल्याकडं अत्याचाराची बातमी टाकली की पहिली कमेंट काय येते, आकडा फुगवलाय. तिनं ती पळवाटच बंद केली, तुमचाच पेपर, तुमचेच आकडे, बोला आता.

पार्कचौक_कट्टा:
बाबासाहेबांचा पेपर 'मूकनायक' १९२० चा, त्यांचं नाव शेवटी घ्या, टाळ्या पडतील.

जुनी_मिल_चाळ:
टाळ्यांसाठी नको बे. घ्यायचंच तर ऑफिस फुटल्यावर लिहीत राहण्याशी जोडून घ्या. १९३१ ला गेली बाई, पत्रकारितेचं मोठं बक्षीस देणाऱ्या पुलित्झरवाल्यांनी २०२० ला दखल घेतली, हे मात्र सांगाच.

सातरस्ता_अण्णा:
लई उपकार झाले. जमावानं असं मारतात त्या लिंचिंगला मराठीत काय म्हणायचं?

प्रेसवाला_बुधवारपेठ:
झुंडबळी. पेपरात तोच शब्द येतो.

सातरस्ता_अण्णा:
पोरगी म्हणतीय कंडक्टरला चावल्यापासनंच सुरुवात करणार. तिची आई नको म्हणतीय, घरात सकाळपासनं तेवढंच चाललंय.