मदत हवी आहे : घरच्या मशीनचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे तो आकडा) आणि लॅबचा जुळत नाहीये

आईला हृदयात मायट्रल जागी मेटलचा व्हॉल्व आहे, रक्त पातळ करणारी अ‍ॅसिट्रॉम चालू, डॉक्टरांनी आयएनआरचं टार्गेट २.५ ते ३.५ दिलंय. लॅब तालुक्याला, दरवेळी नेणं जमत नाही म्हणून बोटाच्या रक्ताच्या थेंबावर चालणारं कोअगुचेक मशीन घेतलं. आता एकाच सकाळी मशीन ३.९ दाखवतं नि लॅब ३.२, आणि नेहमी मशीनच जास्त.

बोट कोमट पाण्यात धुऊन पुसतो, दाबून रक्त काढत नाही, पहिलाच थेंब लगेच लावतो, स्ट्रिपची एक्सपायरी आणि कोड चिप दोन्ही बघितलं. आकडा हलेल असंही काही नाही : अँटिबायोटिक किंवा पेनकिलर काही नवीन नाही, मेथी-पालक आठवड्याला ठरलेलंच, हिमोग्लोबिनही ठीक आहे. (रक्त पातळ करणाऱ्या नवीन प्रकारच्या गोळ्या सुचवू नका प्लीज, मेटल व्हॉल्वला त्या चालत नाहीत.) डोस आम्ही मनाने बदलत नाही, आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर कळवतो आणि डॉक्टर सांगतात, पण त्यांची पुढची अपॉइंटमेंट लांब आहे आणि फोनवर एवढं बोलणं होत नाही.

जे घरी तपासतात त्यांना विचारायचंय, तुमच्याकडे मशीन-लॅबमध्ये किती फरक येतो, आणि डॉक्टर डोस ठरवताना कुठला आकडा धरतात?