घरी लँडलाइन नाही आणि फॅक्स करायचाय: तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात कित्येक वर्षांनी मला फॅक्सची गरज पडली. बहीण न्यू जर्सीत असते. तिच्या नव्या डॉक्टरांना पुण्यात झालेल्या जुन्या ऑपरेशनचे कागद हवे होते आणि दवाखान्याचं एकच म्हणणं: फॅक्स करा, ईमेल चालणार नाही. आमचा लँडलाइन परत करून दहा वर्षं होऊन गेली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं त्याचं मशीन कधीच भंगारात काढलेलं. तीन दुकानं पालथी घातली आणि शेवटी इंटरनेटवरून फॅक्स पाठवणारी सेवा घेतली. आपण पीडीएफ चढवायची, नंबर टाकायचा, मग त्यांचं मशीन तिकडच्या मशीनला फोन लावतं.

पहिल्या खेपेला सहाच्या सहा पानं काळीकुट्ट गेली. मोबाइलवर काढलेल्या फोटोत कागद करडा आला होता. साध्या फॅक्सला करडं काही कळत नाही. ठिपका एक तर काळा, नाही तर पांढरा. दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी बसून एकेक पान नीट स्कॅन केलं, काळं-पांढरं करून घेतलं, वर 'एकूण पाने ७' असं लिहिलेलं पान जोडलं. तेव्हा कुठे पोचलं. बहिणीचा निरोप येईपर्यंत रात्रीचे दीड वाजले होते.

तेव्हापासून मनात आहे की आपल्यापैकी कितीजणांनी दुसऱ्याच्या मशीनवर, दुसऱ्याच्या नंबरावर अशी महत्त्वाची कामं केली असतील. जुनं, नवं, देशातलं, परदेशातलं, सगळं लिहा.

मंगळवेढ्याहून, एकेकाळचा तालुका वार्ताहर

१९९० नंतरची दहा-बारा वर्षं मी बातम्या एसटीडी बूथवरून, म्हणजे बाहेरगावी फोन लावायच्या दुकानातून, फॅक्सने पाठवल्या आणि त्या सगळ्या काळात माझ्या घरी फोन नव्हता. त्याआधी पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचो. तातडीचं असलं की ट्रंक कॉल लावून ओळ न् ओळ वाचून दाखवायची. फॅक्स आला आणि आपलं हस्ताक्षर, आपली देवनागरी, जशीच्या तशी सोलापूरला डेस्कवर पोचू लागली. टायपिंग न येणाऱ्या आम्हा खेड्यातल्या वार्ताहरांना त्याचं काय मोल वाटलं, ते शब्दांत सांगणं अवघड आहे.

त्याचीही एक रीत होती. काळं पेन, जाड अक्षर, ओळ सोडून लिहायचं, कडेला बोटभर जागा मोकळी. साध्या मोडवर अनुस्वार उडायचे, 'कांबळे'चं 'काबळे' व्हायचं. बारीक मोडवर अक्षर स्वच्छ जायचं, पण वेळ लागायचा जवळजवळ दुप्पट आणि बिलही तसंच. रात्री अकरानंतर एसटीडी स्वस्त व्हायचं खरं, पण तोवर थांबलं तर आवृत्ती निघून जायची.

एकदा जूनमध्ये उजनीचा उपयुक्त साठा १०.२ टीएमसी लिहिला आणि वाटेत मधला टिंब गळाला. डेस्कवर १०२ पोचलं. धरणाचा उपयुक्त साठाच मुळात ५३ टीएमसीच्या आसपास. तिथले उपसंपादक जाणते होते, त्यांना खटकलं. बातमीच्या खाली मी बूथचा नंबर लिहीत असे. त्यांनी तिथे फोन केला. बूथवरचं पोरगं सायकल मारत घरी आलं आणि मी जेवणावरून उठून हात न धुताच त्याच्या मागे बसलो. त्या दिवसापासून प्रत्येक आकडा कंसात अक्षरी लिहायला लागलो: दहा पूर्णांक दोन. ती सवय अजून गेलेली नाही.

इचलकरंजी

आमच्या आबांचा एसटीडी बूथ होता. त्यांना लहानपणी पोलिओ झालेला, दिव्यांगांना बूथ देताना प्राधान्य असायचं, त्यातून तो मिळाला. फॅक्स मशीन नंतर कर्ज काढून घेतलं. गावातल्या कितीतरी लोकांचा फॅक्स नंबर म्हणजे आमचाच नंबर. लेटरहेडवर सुद्धा तोच छापलेला.

फोन वाजायचा, पलीकडून आवाज यायचा, 'फॅक्स आहे, टोन द्या.' आबा हिरवं बटण दाबायचे, तो किरकिरा सूर सुरू झाला की रिसीव्हर खाली ठेवायचे. लाइन एकच. तेवढ्यात कुणी केबिनमध्ये शिरायला निघालं की हातानेच थांबवायचे. सुताचे भाव, कापडाच्या ऑर्डरी, नोकरीची बोलावणी, कधी गावी कुणी गेल्याची बातमी.

आबांची एक गोष्ट मला फार मोठी वाटते. कागद बाहेर यायला लागला की ते पहिल्या ओळीतलं नाव बघायचे आणि पान लगेच पालथं करायचे. मागे पेन्सिलीने नाव लिहून, घडी घालून, चिमट्याला अडकवायचे. शाळा सुटल्यावर ते वाटायचं काम माझं. मीही कधी घडी उघडली नाही. फक्त एकदा आबा म्हणाले, 'हा आधी दे, पळत जा,' तेव्हा मी काय ते समजले.

नागोया, जपान

इथे घरी मशीन नसलं तरी अडत नाही. कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट अशा दुकानांत झेरॉक्सच्याच मशीनवर फॅक्स असतो. मी पाठवला तेव्हा देशातल्या देशात पानाला पन्नास येन पडायचे. नाणी टाका, नंबर दाबा, शेवटी पावती येते. मुलीच्या पाळणाघराचा अर्ज मी असाच पाठवला, रात्री साडेदहा वाजता, बाजूला ओनिगिरी (भाताचे मुटके) घेणारी माणसं रांगेत. करोनाच्या सुरुवातीला रुग्णांची माहितीसुद्धा इथे हाताने फॉर्म भरून फॅक्सने जात होती. २०२१ मध्ये मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कचेऱ्यांतला फॅक्स बंद करायचा प्रयत्न केला, पण कचेऱ्यांकडून इतका विरोध झाला की पूर्ण बंदी काही झाली नाही. कचेऱ्यांची बाजू मला पटत नाही. पण दुकानातल्या त्या मशीनने आमची वेळ निभावली, हेही खरं.

स्टुटगार्टजवळून

जर्मनीत करार मोडायचा तर मुदतीच्या आत कळवलं, हे दाखवता यावं लागतं. घर बदलताना एका कंपनीचा वर्षभराचा करार होता आणि मुदत संपायला एक दिवस उरलेला. रजिस्टर पोस्टाला उशीर झाला असता. आमच्या फ्रिट्झबॉक्स राउटरमध्येच फॅक्सची सोय आहे, हे शेजारच्या आजोबांनी दाखवून दिलं. वेगळं मशीन लागलं नाही. सहीचं पत्र स्कॅन करून चढवलं आणि गेलं. कंपनी नंतर म्हणाली, काही मिळालंच नाही. मी पाठवल्याचा अहवाल पुढे केला: तारीख, वेळ, त्यांचा नंबर, पाने १, निकाल ओके. दोन आठवड्यांनी त्यांनी मान्य केलं. त्या अहवालाची प्रत नक्की जपून ठेवा. काही झालं तर बोलायला हातात तोच एक कागद असतो.

टेलिकॉममध्ये काम करतो, ठाणे

बरेच जण विचारतात, फायबरच्या खोक्याला जुनं मशीन जोडलं तर का चालत नाही? इंटरनेटवरून आवाज नेताना तो दाबून लहान करतात. माणसाचं बोलणं कळण्यापुरतं ठेवतात, बाकीचं टाकून देतात. फॅक्सच्या सुरात मात्र सगळीच माहिती असते, त्यातलं थोडं जरी गळलं तरी पान अर्ध्यात तुटतं. यासाठी टी.३८ नावाची वेगळी पद्धत आहे. ती दोन्हीकडून चालू असेल तर काम होतं. नसेल तर मशीनचा वेग सेकंदाला ९६०० बिटवर आणा आणि चुका दुरुस्त करणारं ईसीएम बंद करून बघा. मी असं करून दोन वकिलांची मशीनं चालती केली आहेत.

पुणे, ॲप बनवते

अमेरिकन कर खात्याचा ईआयएन, म्हणजे धंद्याचा ओळख नंबर, हवा होता. त्यासाठीचा एसएस-४ फॉर्म फॅक्सने पाठवता येतो, आणि उत्तरासाठी आपला फॅक्स नंबर दिला तर ते फॅक्सनेच उत्तर पाठवतात. म्हणून महिन्यापुरता इंटरनेटवरचा अमेरिकन नंबर भाड्याने घेतला. उत्तर येईपर्यंत तो नंबर सोडू नका, एवढंच सांगते.

रत्नागिरी

मामा मस्कतला होता. १९९६ साली आजीची तब्येत ढासळली आणि त्याला रजा मिळेना. त्याने तिच्यासाठी दोन पानी पत्र लिहून बाजारातल्या बूथवर फॅक्स केलं. बूथवाले काका म्हणाले, 'झेरॉक्स काढून ठेवा, हा कागद उडतो.' घाईत कुणी काढली नाही. आईने आजीला तो वाचून दाखवला, मग उशीखाली ठेवला.

आजी गेली त्यानंतरच्या पावसाळ्यात आईने तो गुळगुळीत, गुंडाळी होणारा कागद बाहेर काढला तर अक्षरं पिवळट तपकिरी झालेली. ती दोन दुपारी खिडकीत बसून निळ्या बॉलपेनने एकेक अक्षर गिरवत होती. उष्णतेवर उमटणारी ती अक्षरं आता पूर्ण गेलीत. उरलंय ते आईने गिरवलेलं, मामाच्या वळणाचं. दुसऱ्या पानावर खालच्या तीन ओळी तिला लागल्या नाहीत, त्या तिने कोऱ्याच सोडल्यात.