मदत हवी आहे: कळा सुरू असताना ताप आला तर अँटिबायोटिक कधी?

नमस्कार. आम्ही डिचोलीचे. बायकोच्या दुसऱ्या बाळंतपणाची तारीख ऐन चवथीत येतेय आणि पहिल्या वेळची एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही.

तेव्हा संध्याकाळी पाणी जायला लागलं, सकाळी कळा वाढल्यावर एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करायला पाठीच्या कण्याजवळ देतात ते औषध) दिलं. दुपारी नर्सबाईंनी तोंडात थर्मामीटर ठेवला: १००.८. म्हटलं, आत्ताच गरम पेजेची निवळ घेतलीय तिनं. बाईंनी असं बघितलं की मी गप्प! अर्ध्या तासानं परत लावला तर १०१.२. डॉक्टरांनी मशीनच्या कागदी पट्टीवर बाळाचे ठोके बघितले, १७०च्या वर. लगेच सलाईनमधून दोन इंजेक्शनं सुरू. का, ते कुणी सांगितलं नाही. बाळ दोन दिवस काचेच्या पेटीत. सासूबाईंचं पालुपद अजून चालू आहे, "कळा देताना आंग तापतंच, उगाच सुया टोचल्या."

एपिड्युरलनंही ताप येतो म्हणतात. मग थोडं थांबायला नको होतं का? यंदा एपिड्युरल टाळावं का?

प्रतिसाद: मी लेबर रूममध्येच नोकरी करते. पेजेचं तुमचं बरोबर होतं, गरम घेतल्यावर लगेच तोंडातला आकडा धरू नये. पण अर्ध्या तासानंही ताप होताच ना? १०२.२ एकदा आला तरी अँटिबायोटिक सुरू करायला पुरे. १००.४ ते १०२.२च्या मध्ये असला तर दुसरी खूण बघतात: बाळाचे ठोके दहा मिनिटं १६०च्या वर, अंगावरून पुवासारखं जाणं किंवा आईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढणं. पेशींवर माझा फार भरवसा नाही, नुसत्या कळांनीही त्या चढतात.

तुमच्याकडे ताप टिकला, ठोके वाढले, पाणी जाऊन बरेच तास झालेले. तिथे थांबत नाहीत. एपिड्युरलचा ताप की गर्भपिशवीत जंतू, हे त्या घडीला खात्रीनं कळत नाही. पक्कं कळतं ते नंतर वार (प्लासेंटा) तपासल्यावर. अँपिसिलिन-जेंटामायसिन ही अँटिबायोटिकं देतात, ती जन्माआधी गेली तर बाळालाही उपयोग होतो. नुसत्या पॅरासिटामॉलनं आकडा उतरेल, जंतू नाही. आणि केवळ तापासाठी सिझर करत नाहीत.

भीतीपोटी एपिड्युरल टाळू नका. पाणी गेल्याची वेळ मात्र लिहून ठेवा, जुने कागद न्या. पावसाचे दिवस आहेत. घरी ताप आला तर लगेच दाखवा, मलेरिया-डेंगीही बघतील.

धागाकर्ता: धन्यवाद ताई. फाईल माळ्यावर माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या सजावटीच्या) सामानात सापडली. वार तपासल्याचा कागद त्यात नाही. जाऊन मागू का?