मदत हवी आहे: स्वमग्न तरुणांचा शेंगाचटणीचा धंदा, काटा आणि नाव

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात चार स्वमग्न (ऑटिझम असलेले) तरुण (वय १९ ते २६) शेंगाचटणीची १०० ग्रॅमची पाकिटं भरतात. अडचणी दोन. काटा ९९-१०० असा हलत राहिला की एक जण चिमूट घालत-काढत बसतो, पुढचं पाकीट होतच नाही. दुसरं, उद्यम नोंदणी (लहान धंद्यांची सरकारी नोंदणी) आई-वडिलांच्या नावावर करा असं सगळे सांगतात. करावी का?

प्रतिसाद १
ताई, घोळ सूचनेत आहे. 'बरोबर शंभर' सांगितलं की तो बरोबर शंभरच करणार. काट्याशेजारी कार्ड लावा: १०१, १०२, १०३ आले की झालं, १०४ ला एक चिमूट काढ. कार्डावरचं पहिलं चित्र रिकाम्या पाकिटाचं: ते ठेवून आधी टेअर (काटा शून्यावर आणायचं बटण) दाबायचं. दोन ग्रॅम जास्त म्हणजे शंभर पाकिटांमागे २०० ग्रॅम चटणी, ती किमतीत धरा. कमी भरलं तर वजनमापवाले सोडत नाहीत.

वीज गेली की सीलर (पाकीट बंद करायचं यंत्र) थंड, आणि ठरलेला क्रम मोडला की सगळंच बिनसतं. त्यासाठी वेगळं कार्ड ठेवा: वीज गेली, लेबलं चिकटवायची. कूट डंकावरून (कांडप यंत्रावरून) आणा, पाकिटं भरतात त्या खोलीत मिक्सरची घरघर नको, आवाजानेही बिनसतं. आणि लेबल नुसतं मराठीत किंवा कन्नडमध्ये चालत नाही. इंग्रजी किंवा देवनागरी हिंदी लागतेच, बाकी भाषा जोडीला.

प्रतिसाद २
नाव मुलांचंच लावा. १८ पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १३ नुसार स्वतःचे पैशांचे व्यवहार सांभाळायचा हक्क त्यांना इतरांइतकाच आहे. बँकेत कुरकूर झाली तर हेच कलम लेखी द्या. ज्याला देणं-घेणं कळतं त्याच्या नावावर सुरुवात करा. उद्यम नोंदणी फुकट होते, आधार-पॅनवर. पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. सोसायटी (सहकारी नव्हे, नोंदणीकृत संस्था) काढायची घाई नको: कर्नाटकात किमान ७ सभासद लागतात आणि नफा सभासदांत वाटता येत नाही.

मालक तो असेल तर ठरवणाराही तोच. मात्र 'हे चालेल ना?' विचारलंत तर 'चालेल' हाच शब्द परत येईल. दोन लेबलं समोर ठेवा, उचलेल ते छापा.

प्रतिसाद ३
धंद्याच्या नावाची पाटी लावणार असाल तर ६० टक्के कन्नड, तेही वरच्या बाजूला. रंगाऱ्याला आधीच सांगा, नाहीतर पाटी दोनदा रंगवावी लागेल.